मोटारसहलीचा बेत किलोमीटरांत नको, उजेडाच्या तासांत मांडा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत मोटारीने करायच्या लांबच्या सहलींवर लेख येऊ लागतात. डोंगर, कुरणे, वाळवंट, समुद्रकिनारा आणि वाटेत दोन-तीन राष्ट्रीय उद्याने असे मार्ग त्यांत सुचवलेले असतात. मार्गांची निवड बहुधा चांगली असते. आक्षेप आहे तो सोबतच्या चौकटीला. ‘पहिला दिवस ४२० किलोमीटर, दुसरा दिवस ३८०’ एवढेच तिच्यात असते. त्या आकड्यांवर भिस्त ठेवून निघालेली मंडळी दुसऱ्याच संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांनी अंधारात घाट उतरत असतात. अशा सहलींत जे बिघडते त्यातले बरेचसे तिथून सुरू होते.

दक्षिण आफ्रिकेतले क्रूगर राष्ट्रीय उद्यान घ्या. उत्तर-दक्षिण लांबी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. महामार्गाच्या सवयीने पाहिले तर हा चार तासांचा पल्ला वाटतो. पण उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि खडीच्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे कुठेही न थांबता सात तास. आणि थांबायचेच नसेल तर तिथे जायचे कशाला? प्राणी बघत गेले की सरासरी ताशी २०-२५ वर येते. जून-जुलैत प्रवेशद्वारे सकाळी सहाला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. मुक्कामाच्या छावण्यांची फाटकेही ठरल्या वेळी लागतात आणि उशिरा येणाऱ्याला दंड होतो. दिवसाला दीडशे किलोमीटर हा तिथे भरगच्च बेत झाला. नामिबियातल्या एटोशात मर्यादा ताशी ६० आहे आणि फाटके सूर्योदयाला उघडून सूर्यास्ताला बंद होतात. अमेरिकेत १८७२ साली स्थापन झालेल्या यलोस्टोन उद्यानात इंग्रजी आठच्या आकाराचा ग्रँड लूप रस्ता सुमारे २२९ किलोमीटरचा आहे. नकाशावर तो एका सकाळीत संपेल असे दिसते, पण बायसनांचा (गव्यासारख्या अमेरिकी रानबैलांचा) कळप रस्त्यावर आला की तो बाजूला होईपर्यंत गाड्यांची रांग जागची हलत नाही.

म्हणून बेत उलट्या बाजूने आखावा. त्या तारखेचा त्या ठिकाणचा सूर्यास्त आधी पाहायचा, त्यातून दीड तास वजा करायचा आणि ती मुक्कामी पोचण्याची वेळ धरायची. मोबाइलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात सपाट डांबरी रस्त्यासाठी पाव भर, घाटासाठी निम्मी भर घालायची आणि उद्यानाच्या आतला वेळ थेट दुप्पट धरायचा. एवढे करून प्रत्यक्ष चाकावर बसण्याचे तास पाच-सहाच्या वर जात असतील तर एक मुक्काम वाढवावा किंवा एक ठिकाण गाळावे. दोन तासांनी पंधरा मिनिटे गाडीबाहेर पडून चालणे हे वेळापत्रकातच लिहिलेले असावे, नाहीतर ते होत नाही. दुपारी दोन ते चार ही डुलकीची वेळ. लांबलचक सरळ रस्ता तेव्हा पुढ्यात येणार नाही असे पाहावे.

संध्याकाळचा एवढा धसका कशासाठी, ते आकड्यांत सांगता येते. ताशी ८० किलोमीटरला गाडी दर सेकंदाला २२ मीटर जाते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमपुस्तिकेनुसार या वेगाला कोरड्या रस्त्यावर थांबायला ५३ मीटर लागतात: १५ मीटर पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणि ३८ मीटर ब्रेक लागल्यावर. हेडलाइट खाली असताना नीट उजळणारा रस्ता साधारण तेवढाच असतो. म्हणजे प्राणी दिसला त्या क्षणी सगळे अचूक केले तरी शिल्लक काही उरत नाही. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर तर अंतर कमीच पडते. त्यात हरणे, कांगारू, मूस (थंड प्रदेशातले प्रचंड हरीण) ही जनावरे पहाटे आणि सांजवेळीच सर्वांत जास्त हिंडतात. कोरड्या प्रदेशात पावसाचे पाणी डांबरावरून ओघळून कडेला मुरते, तिथले गवत हिरवे राहते आणि चरणारी जनावरे नेमकी रस्त्यालगत येतात. थंड प्रदेशात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ चाटायला येतात. दिवसभर तापलेल्या डांबरावर ऊब घेत साप पडून राहतात. एक हरीण ओलांडून गेले की वेग वाढवायचा नाही, कारण मागून दुसरे येण्याचा संभव मोठा असतो.

जनावर समोर आलेच तर सरळ रेषेत जोरात ब्रेक दाबावा, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नये. गाडी उलटणे, झाडावर किंवा समोरच्या वाहनावर आदळणे यांत होणारी इजा छोट्या प्राण्याच्या धडकेपेक्षा पुष्कळ वाईट असते. मूस मात्र वेगळा. त्याचे पाय इतके उंच की मोटारीचा पुढचा भाग पायांवर आदळतो आणि शेकडो किलोंचे धड थेट काचेवर येते. तिथे उपाय एकच, अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर नसणे.

आता घाटाच्या उताराविषयी, कारण या विषयावर सर्वांत कमी लिहिले जाते. माणसे आणि सामान धरून दीड टनाची मोटार हजार मीटर खाली येते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे ४४ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला पुरेल एवढी असते. हवेचा आणि टायरचा अडथळा त्यातला काही भाग खातो. उरलेली सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. पाय ब्रेकवरच ठेवून उतरलात तर ती चार चाकांच्या डिस्क आणि पॅडमध्ये जाते. पॅड ठरावीक तापमानापलीकडे गेले की त्यांची पकड घटते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. दुसरा बिघाड ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषलेल्या तेलाचा किमान १५५. जुने तेल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पेडल मऊ होऊन तळाला जाते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलण्याची शिफारस याच कारणासाठी असते, आणि लांबच्या सहलीआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये नेमके तेच राहून जाते.

उतरताना इंजिनला काम द्यावे. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकायचा, वेग वाढल्यावर नव्हे. ज्या गिअरमध्ये ब्रेकच्या पेडलला पाय न लावता वेग जवळपास स्थिर राहतो तो गिअर बरोबर. बहुतेक घाटांत तो दुसरा किंवा तिसरा निघतो. इंजिनचा आवाज चढतो, त्याला घाबरू नये. फेरे लाल पट्ट्याच्या आत आहेत तोवर इंजिनला काही होत नाही. वेग वाढतो आहे असे दिसले की ब्रेक ठामपणे दाबून वेग ताशी आठ-दहा किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण उचलावा. हलका पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, कारण मधल्या वेळात डिस्कला वारा मिळतो. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे ही इंधन वाचवण्याची समजूत सोडून द्यावी. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतार उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर इंधनपुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहते.

ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’वर ठेवून उतरणे ही नेहमीची चूक. एल, २, एस किंवा मॅन्युअल असा जो पर्याय दिला असेल तो वापरावा; काही हायब्रिड गाड्यांत त्यासाठी ‘बी’ असतो. विजेच्या गाडीत मोटरच ब्रेकचे काम करते आणि बॅटरी भरते, पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती ऊर्जा घ्यायला जागा नसते आणि तो ब्रेक क्षीण होतो. म्हणून माथ्यावरच्या मुक्कामी गाडी शंभर टक्के चार्ज करू नये. ऐंशीच्या आसपास थांबवावी.

करपल्यासारखा वास आला, पेडल लांब गेले किंवा चाकांजवळ धूर दिसला तर पहिल्या सुरक्षित जागी थांबावे आणि अर्धा तास तरी गाडी उभी ठेवावी. डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकते किंवा तडकते. हँडब्रेक शक्यतो लावू नये, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. चालत्या गाडीत पेडल तळाला गेलेच तर ते भरभर दाबून दाब तयार होतो का पाहावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये, कारण ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत त्याच्याबरोबर जाते.

चढणीचे प्रश्न सौम्य असतात. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे भरलेल्या गाडीने ओव्हरटेक करण्याचे अंतर नेहमीपेक्षा मोठे धरावे लागते. तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. गाडीत उकडते, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, ही रीत आहे आणि तिला कारणही आहे: थांबलेली भरलेली गाडी चढावर पुन्हा हलवणे अवघड असते.

माणसांच्या चढाईकडे मात्र कमी लक्ष जाते. कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन उद्यानातला ट्रेल रिज रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत जातो आणि मोटारीने तिथे काही तासांत पोचता येते. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो: डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे. माथ्यावर जाऊन त्याच दिवशी खाली मुक्काम केला तर बहुधा निभावते. तीन हजार मीटरच्या वर राहायचे असेल तर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्याजागी दम लागू लागला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरणे हाच उपचार.

खडीच्या रस्त्यावर डांबराची सवय घातक ठरते. नामिबियात, ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात असे रस्ते शेकडो किलोमीटर सरळ जातात आणि वेग जाणवत नाही. ताशी ८० हा वरचा आकडा समजावा, वळणावर ५०. पृष्ठभागावर आडव्या लाटा उठलेल्या असतात. त्यांवरून टायर उड्या मारतो आणि जमिनीला कमी वेळ टेकतो, म्हणून मागचा भाग सरकतो. सरकला की घाबरून उलट्या दिशेने जादा स्टिअरिंग फिरवले जाते आणि गाडी कलंडते. अपघात बहुधा असाच होतो, समोर दुसरे कुणी नसतानाही. तेव्हा ॲक्सिलरेटर हलकेच सोडावा, नजर जायच्या दिशेला ठेवावी, ब्रेक दाबू नये. समोरून गाडी आली की वेग कमी करून कडेला सरकावे: उडणारे खडे काच फोडतात आणि धुळीत काही सेकंद काहीच दिसत नाही. त्या धुळीत ओव्हरटेक कधीही करू नये.

टायरमधली हवा सकाळी टायर थंड असताना मोजावी. तापमान साडेपाच अंशांनी उतरले की सुमारे एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा कमी दाखवते, त्यामुळे वाळवंटातून डोंगरात गेलेल्या गाडीचे आकडे दुसऱ्या सकाळी बदललेले असतात. मऊ वाळूत हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात, जेणेकरून टायर पसरून वाळूवर तरंगेल. पण डांबरावर येताच ती पुन्हा भरली नाही तर टायर तापून फुटतो. म्हणून हवा उतरवायची असेल तर भरायचा पंप सोबत हवाच. स्टेपनी आहे का, तिच्यात हवा किती आणि तिचा आकार इतर चाकांएवढा आहे का, हे निघण्यापूर्वी पाहावे. नव्या अनेक गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चर बुजवणारे द्रव्य देतात. खिळ्याचे भोक त्याने बुजते, टायरची बाजू दगडाने फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. आणि खडीच्या रस्त्यावर टायर बाजूनेच फाटतो. बारीक तात्पुरत्या स्टेपनीवर बहुधा ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते. जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडा घ्यावा, मऊ जमिनीत जॅक नुसता रुतत जातो.

वाहत्या पाण्याबद्दल थोडक्यात: ३० सेंटिमीटर पाणी छोटी मोटार वाहून नेऊ शकते, ६० सेंटिमीटर बहुतेक मोठ्या गाड्याही. तळ दिसत नसेल तर थांबावे. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

मार्ग कोणत्या महिन्यात उघडा असतो हे लेखाच्या मथळ्यातच यायला हवे. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानातला ३,०३१ मीटरवरचा टायोगा घाट साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतो. बंद असताना पलीकडे जायला शेकडो किलोमीटरचा वळसा पडतो. अमेरिकेतल्याच ग्लेशियर उद्यानातला ‘गोइंग टू द सन’ हा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता पूर्ण उघडायला जूनअखेर किंवा जुलै उजाडतो, आणि त्याच्या डोंगरी भागात २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहन नेता येत नाही. घरासारखी मोठी गाडी भाड्याने घेऊन गेलेल्यांना हे फाटकावर कळते. कॅनडातल्या लेक लुईस ते जॅस्पर या सुमारे २३० किलोमीटरच्या आइसफील्ड्स पार्कवेवर इंधन वाटेत एकाच ठिकाणी, सस्कॅचेवान क्रॉसिंगला मिळते, आणि हिवाळ्यात तेही बंद असते. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. नकाशा आधीच उतरवून घ्यावा. न्यूझीलंडमध्ये ते आनाऊ ते मिलफर्ड साउंड हा १२० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, वाटेत पेट्रोलपंप नाही. हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या सोबत लागतात, आणि त्या कशा चढवायच्या हे कोरड्या जागी एकदा करून पाहिलेले बरे. गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदाच जमत नाही. सर्वसाधारण नियम असा की टाकी निम्मी झाली की पहिल्या पंपावर भरावी, पुढच्याची वाट पाहू नये.

उद्यानात प्राण्यांपासूनचे अंतर हा शिष्टाचाराचा नव्हे, नियमाचा भाग आहे. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, बायसनांसह इतर मोठ्या प्राण्यांपासून २३ मीटर. बायसन संथ दिसतो, पण माणसाच्या तिपटीने धावतो. क्रूगरमध्ये नेमून दिलेल्या जागा सोडून गाडीबाहेर उतरता येत नाही, खिडकीतून अर्धे बाहेर येणेही चालत नाही. हत्ती रस्त्यात आला तर लांब थांबावे, मागे सरकायची वाट मोकळी ठेवावी आणि आई व पिल्लू यांच्या मध्ये गाडी आणू नये. कान पसरणे, डोके हलवणे, माती उडवणे दिसले की शांतपणे मागे घ्यावी; हॉर्न नको. फोटोसाठी थांबायचे तर चारही चाके रस्त्याबाहेर, आणि तीही आखून दिलेल्या जागेत. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे, कारण तिथल्या शेवाळावर उमटलेले चाकांचे व्रण भरायला दशके लागतात.

भाड्याच्या गाडीचा करार निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, आरक्षणापूर्वी वाचावा. टायर, काच, गाडीचा खालचा भाग, पाण्यातून जाताना झालेले नुकसान आणि वाऱ्याने उलटे फिरलेले दार हे साध्या विम्यात बहुधा नसते. कच्च्या रस्त्यावर किंवा रात्री गाडी नेण्यास मनाई असेल तर तिथे झालेल्या अपघाताला विमा लागूच होत नाही. जिथे वाहतूक सवयीच्या उलट बाजूने चालते तिथे चूक गर्दीत होत नाही, इतर गाड्या बघून आपण बरोबर चालवतो. ती होते पंपावरून किंवा फोटोच्या थांब्यावरून रिकाम्या रस्त्यावर परत येताना. शेजारी बसणाऱ्याने अशा प्रत्येक वेळी बाजू मोठ्याने सांगावी.

आपल्या पुरवणीला एवढीच विनंती की प्रत्येक टप्प्यापुढे किलोमीटरांबरोबर प्रत्यक्ष लागणारे तास, रस्त्याचा पृष्ठभाग, सर्वांत उंच बिंदू, सर्वांत लांब बिनपंपाचा पट्टा, फाटकाच्या वेळा आणि रस्ता उघडा असण्याचे महिने छापावेत. जागा अपुरी पडत असेल तर एक छायाचित्र कमी करावे. वेळा आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या कोणत्या महिन्यात तपासल्या तेही खाली लिहावे आणि जुना लेख पुन्हा छापताना त्या नव्याने पाहाव्यात.

आपले,
मोटारप्रवासी वाचक